झोपाळ्याखालची माती

गंजलेल्या कड्यांचा एक झोपाळा.

चाळिशीतली एक बाई. तिला सगळे अजून छकुलीच म्हणतात. सदऱ्याची बटणं वडील लावून देतात.

शिसं चवीला गोड लागतं म्हणे. पोरं बोटं चाटतात, आणि ते डोक्यात भिनतं.

टेम्पोभर लाल माती.

"सगळ्या आवारात शिसं आहे. फक्त इथं नाही," झोपाळ्याखाली तपासणीसाठी खणलेल्या खड्ड्यात उतरलेल्या मॅडम म्हणाल्या. त्या कर्जाच्या तपासणीला आल्या होत्या. "असं कसं?"

"सोनं निघालं तर अर्धं माझं," मुकादम म्हणाला. कोणी हसलं नाही, म्हणून तोच हसला.

जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचा हा कारखाना वडिलांच्या पश्चात मालकिणीच्या गळ्यात पडला होता. भट्टी कधीच विझली होती, पण जमीन नासली ती नासलीच. कुंपणापलीकडच्या खोल्यांत जुन्या कामगारांचे संसार अजून त्याच मातीवर चालले होते. अशा जागांसाठी सरकार आता कर्ज देत होतं. विषारी माती उचला, घरं बांधा, भाड्यातून फेडा. अट एकच. जाणूनबुजून जमीन नासवणाऱ्याला किंवा त्याच्या वारसाला छदामही नाही. पहिलं घर छकुलीला, असा शब्द मालकिणीनं मुकादमाला दिला होता. छकुली त्याचीच लेक.

"ती माती बाबांची," मालकीण खुलून म्हणाली. ही गोष्ट सांगायला तिला फार आवडायची. "मी झोपाळ्यावरून पडले तर लागू नये म्हणून दर उन्हाळ्यात नदीकाठची नवी लाल माती टाकून घ्यायचे. खेळायचं तर इथंच. कुंपणापलीकडे पाय टाकला की रट्टा! फार जपायचे मला."

मॅडमनी तळातून जाड प्लास्टिकचं एक टोक ओढून वर काढलं.

"जुनी माती कंबरभर उपसलीय. खाली हे अंथरलंय. पोरीला लागू नये म्हणून इतकं कोणी करत नाही."

मालकिणीचं हसू ओठांवर तसंच राहून गेलं. तिला कुंपण आठवलं. जाळीत अडकवलेली बोटं आठवली. "मी बसू?" असं रोज विचारणारी छकुली आठवली. पाढे छकुलीला तिच्याआधी पाठ झाले होते.

"तुमच्या वडिलांना ठाऊक होतं?" मॅडमनी विचारलं.

तिनं तोंड उघडलं. हो म्हणावं, तर छकुलीचं घर गेलं. नाही म्हणावं, तर...

"मालकांना काय ठाऊक असणार, मॅडम?" मुकादम पुढे झाला. "एकुलती एक पोर. हौस, दुसरं काय! तेव्हा खड्डा मीच खणला, प्लास्टिक मीच अंथरलं. ओल वर येऊ नये म्हणून."

मॅडमनी त्याच्याकडे बघितलं. मग कुंपणाशी उभ्या असलेल्या छकुलीकडे. तिच्या सदऱ्याचं एक बटण सुटलं होतं.

"बरं," त्या खड्ड्यातून वर येत म्हणाल्या. "ओल. तसंच लिहिते."

गाडी गेली. छकुली कुंपणाच्या फटीतून आत आली.

"मी बसू?"

"बस गं," मालकीण कशीबशी म्हणाली.

कड्या करकरल्या. छकुलीचे पाय उघड्या खड्ड्यावरून पुढे गेले, मागे आले. मुकादमानं आधी तिचं बटण लावलं असतं, पण ती थांबेना.

"मुकादमकाका," मालकीण म्हणाली, "तुम्ही का..."

"घर तर होऊ दे, ताई." तो खड्ड्यातच बघत होता. "ओल येते म्हणाले होते मालक. मी खोटं नाही बोललो. मला तेवढंच ठाऊक होतं." मग आवाज न चढवता म्हणाला, "एवढाच खड्डा माझ्या दारात मार म्हणाले असते, तर मी सुट्टीच्या दिवशीही खणला असता."

नदीकाठची ती लाल माती फुकट मिळायची.