पेरूची वाफ

धाकट्या लेकीचं लग्न झालं त्या वर्षीचा भाद्रपद. अनसूयाबाई मुलाची, मकरंदची, वाफेची सिगारेट उघडून बसल्या होत्या. पेरूच्या वासाचा अर्क बाटलीच्या तळाशी जेमतेम उरला होता. तो वास त्यांना घरात एकदा, एकदाच हवा होता.

सवयीने बोटाला दूध लावून त्यांनी कापूस वळला, घट्ट पीळ दिला आणि तारेच्या वेटोळ्यात ओवला. बटण दाबलं, तर नुसता करपट धूर आला.

"आई, ही काय समईची वात आहे?" सून म्हणाली. "इतका पीळ दिल्यावर अर्क वर चढणार कसा? ते नेहमी कापूस पिंजून सैल घालायचे."

अनसूयाबाईंनी नवा कापूस पिंजून वेटोळ्यात सैल ओवला. राहिलेले थेंब त्यावर सोडून त्यांनी बटण दाबलं. पांढरी वाफ उठली आणि पिकल्या पेरूचा वास घरभर पसरला.

बाहेरच्या खोलीत डुलकी काढणारे त्यांचे यजमान खेकसले, "मक्या, गाढवा, घरात ओढू नकोस म्हटलं ना!"

मग बाहेरची खाट करकरली.

मकरंद नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी वारला होता.