ओहोटीची पेनी

"बघा, कशी लख्ख झाली!" तिने ताट पुढे केलं. नवऱ्याने जमवलेली जुनी ब्रिटिश पेनी-नाणी तिने चिंचेने घासून काढली होती. शंभर वर्षांचा तपकिरी रंग गेला. त्याबरोबर किंमतही गेली; आता कुणी संग्राहक त्या नाण्यांना विचारणार नव्हता.

ओरडण्याआधी त्याने भिंगाखाली ओहोटीची पेनी धरली. त्या ठशात, नाण्यावरच्या बसलेल्या बाईमागचा समुद्र इतर नाण्यांपेक्षा केसभर खाली उतरलेला असतो. आज तो उन्हात चमचमत होता, हळूहळू हलतही होता. ओरडायचं राहूनच गेलं.

"मला दाखवा ना." इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदाच भिंग मागितलं.

ती वाकून बराच वेळ पाहत राहिली. "ही एकटीच बसून असते होय?"

तो आजवर फक्त पाण्याची रेघ बघत आला होता. बाकावर सरकून त्याने तिला जागा केली.