आतल्याचा निकाल

"दोरी सैल सोडलीस," थोरला बाहेरून म्हणाला.

"नाही सोडली, दादा. तू काच दाबून धर," ट्रकच्या केबिनमधून धाकट्याचा आवाज आला.

जुन्या ट्रकची पुढची काच बसवणं हे एकट्याचं काम नव्हे. काचेभोवती जाड रबर चढवायचं, रबराच्या खाचेत दोरी भरायची, साबणाचं पाणी लावायचं आणि काच चौकटीवर टेकवायची. मग एकाने बाहेरून तळव्यांनी थोपटायचं, दुसऱ्याने आतून दोरी ओढत जायचं. दोरी निघेल तसतशी रबराची कड उलटते आणि पत्र्याला घट्ट धरते. घाई केली तर रबर फाटतं, जोर केला तर काच जाते. म्हणून ज्याच्या हातात दोरी त्यानेच काच बसवली, असं वडिलांच्या गॅरेजमध्ये मानत.

हा ट्रकही वडिलांचाच, आणि वडील गेले तेही याच ट्रकमध्ये. मुसळधार पावसात पाणी आत आलं, फ्यूजवर पडलं, वायपर आणि दिवे एकदम बंद झाले. ट्रक पुलाच्या कठड्यावर आदळला. काच आदल्याच आठवड्यात धाकट्याने बसवली होती. वायपर, बॉनेटमागची हवेची झडप, असली किरकोळ कामं थोरल्याने उरकली होती.

"तुझ्या हातानं बाप गेला," थोरला तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाला होता. धाकट्याने पाना खाली ठेवला आणि खिळे-स्क्रूच्या दुकानात नोकरी धरली. त्यानंतर तो घरी आला नाही, की आईच्या हातचं जेवला नाही.

यंदा आईनेच ट्रक शेडमधून बाहेर काढायला लावला. पत्रा ठोकून घेतला, रंग दिला. केबिन आतून साफ करायचं काम मात्र तिने कुणाला दिलं नाही. दार लावून घेऊन एकटीच करत बसली. मग थोरल्याला म्हणाली, "काच धाकटा बसवेल. पाणी आत आलं नाही, तर तो उद्यापासून गॅरेजात. आलं, तर मी पुन्हा त्याचं नाव काढणार नाही."

थोरल्याने मान डोलावली. आपण अन्याय करणारे नव्हे, असं त्याला मनापासून वाटत होतं.

दोरीचं शेवटचं टोक सुटलं. रबर चौकटीवर चपखल बसलं.

"खिळे मोजून मोजून बोटं जाड झाली असतील म्हटलं," थोरला म्हणाला.

"बोटं आहेत तीच आहेत. दुकानातला काटा मात्र खरा आहे, दादा."

"म्हणजे इथला खोटा?"

"मी कुठं असं म्हणालो?"

आई शेडच्या दारातून म्हणाली, "दोघंही तोंड कमी चालवा. चहा निवतोय."

धाकट्याने काचेच्या कडा पुसून घेतल्या आणि रबराच्या फटीत सीलंट भरलं, एका दमात, कुठेही न थांबता. काचेवरचा साबण तसाच वाळत राहिला. सीलंटवर पापडी धरेपर्यंत तिघं चहा पीत बसले. धाकट्याने कप दोन्ही हातांत धरला होता. तो घराच्या खिडकीकडे बघत होता आणि आई त्याच्याकडे.

पाणी मारून काच तपासायची रीत वडिलांनी घालून दिली होती. काच बसवणाऱ्याने पाठ फिरवून उभं राहायचं. तिसऱ्याने नळी धरायची. आत बसलेला सांगेल तो निकाल, त्यावर वाद नाही.

"नळी कोण धरणार?" थोरल्याने विचारलं.

"मी. त्याला काय इंजिनिअर लागतो?" आई म्हणाली.

थोरला केबिनमध्ये चढला. वडील गेल्यापासून तो आत बसला नव्हता. काच साबणाने पांढुरकी झाली होती, बाहेरचं काही दिसत नव्हतं. पत्र्यावर पाणी ताडताड वाजू लागलं. त्याने रबराच्या कडेने बोट फिरवलं. कोरडं. कोपरे तपासले. कोरडे. धाकट्याचा हात वडिलांवर गेलाय, हे त्याला मनात कबूल करावं लागलं.

तेवढ्यात त्याच्या पायावर थेंब पडला.

त्याने वाकून खिशातली बॅटरी लावली. पाणी झडपेतून येत होतं. झडपेच्या रबरी पट्टीचा सांधा पुढे होता, पाणी येतं त्याच बाजूला. तो मागे ठेवायचा असतो. गॅरेजमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला थोरला हेच शिकवत आला होता. आणि ही पट्टी त्याने स्वतः लावली होती. सांध्यातून निघालेला ओघळ फ्यूजच्या डबीपर्यंत जात होता. त्याच वाटेवर गंजाची एक तांबूस रेघ होती. ती आजची नव्हती.

पाणी थांबलं.

"दादा, काय झालं?" बाहेरून धाकट्याने विचारलं.

थोरल्याने बॅटरी विझवली. 'कोरडं' म्हटलं, तर धाकटा उद्यापासून इथेच असणार. आज ना उद्या ही झडप उघडणार. मग आईच्या समोर जेवायला कसं बसायचं?

त्याने रुमालाने ओघळ टिपला, रुमाल खिशात कोंबला आणि खाली उतरला.

"गळतंय."

धाकट्याची अजून पाठच होती. "कुठून?"

"खालच्या कोपऱ्यातून. रबरातून."

धाकट्याने दोरी गुंडाळली, पिशवीत टाकली. "मग हात विसरलाच म्हणायचं," तो म्हणाला आणि फाटकाकडे चालू लागला.

आई नळी हातात धरून तशीच उभी होती.

"रबरातून? नक्की?" तिने विचारलं.

"बोट लावून बघितलं मी, आई."

"थांब रे," तिने धाकट्याला हाक मारली. मग थोरल्याकडे बघत, आवाज न चढवता म्हणाली, "नळी मी झडपेवरच धरली होती. काचेवर अजून एक थेंबही टाकलेला नाही."