चुकलेल्या गाड्या

नऊची बस फाटकाबाहेर पडली तेव्हा कुलूपवाले दोन्ही हातांत पिशव्या घेऊन तिच्यामागे धावत होते, आणि त्यांची बायको अजून स्वच्छतागृहातच होती. वळणावर बस दिसेनाशी झाली. कुलूपवाल्यांनी पिशव्या टाकल्या आणि ते भर स्टँडवर मटकन खाली बसले.

"गेली?" ओले हात पुसत बायको आली.

"गेली! आता एकदम एक वाजता. चार तास, अगं, चार तास!"

"पोटात अशी कळ आली हो एकदम."

यावर माणूस काय बोलणार? त्यांनी कपाळाला हात लावला.

चार वर्षांपूर्वी त्यांची एकुलती एक लेक घरातून नाहीशी झाली होती. एकोणीस वर्षांची. गावभरची अडकलेली कुलपं सोडवणारा हा माणूस. स्वतःच्या दाराला त्यानं तीन कुलपं लावलेली. सकाळी पाहिलं तर तिन्ही जागच्या जागी, एकावरही साधा ओरखडा नाही, आणि पोरगी गायब. हे कोडं त्यांना अजून सुटलेलं नव्हतं.

आणि काल दोऱ्याची रिळं विकणारा एक फेरीवाला किल्ली करून घ्यायला दुकानात आला. भिंतीवरचा फोटो बघून म्हणाला, "ही तर नदीपलीकडच्या गावात असते. पुलाजवळच्या शिंपिणीकडे काजं-बटणं करते. डावा हात कोपरात वाकडा आहे ना?" चार वर्षांत एवढी पक्की बातमी कधी आली नव्हती. हातातोंडाशी आलेला घास असा पोटदुखीनं हिरावला.

बायकोनं त्यांना धरून बाकावर बसवलं. शेजारी एक निवृत्त शिक्षिका थर्मासातून चहा ओतून घेत होत्या.

"जोडीनं फिरायला निघालात वाटतं?"

हा प्रश्न त्यांना सगळीकडे विचारत. लग्नानंतर बावीस वर्षांत ही दोघं गावाच्या वेशीबाहेर गेली नव्हती, आणि लेक गेल्यापासून पायाला भिंगरी लागलेली. शेजारीपाजारी तर त्यांना 'हौशी जोडपं' म्हणायचे. लोकांच्या जिभेला हाड नसतं, दुसरं काय!

कुलूपवाल्यांनी बाईंना सगळं सांगितलं. सांगताना त्यांना हसूही येत होतं आणि रडूही.

"पहिल्या खेपेला हिनं तिकिटं हरवली. दुसऱ्या खेपेला मला उलट्या दिशेच्या गाडीत बसवलं. झोपेतून उठतो तर समोर समुद्र! जन्मात पहिल्यांदा पाहिला. पोरगी मिळेना म्हणून मी तिथं रडतोय, आणि लाटेनं माझी एक चप्पल नेली. हिची एक चप्पल पायात घालून घरी आलो."

"आणि मी एका पायानं अनवाणी," बायको म्हणाली.

"मग एकदा होडीत हिला चक्कर आली. नावाड्यानं होडी मागे फिरवली. एकदा पत्त्याचा कागद असलेली पिशवी ही खाणावळीत विसरली. एकदा दरड कोसळली, तेव्हा मात्र हिचा दोष नव्हता."

"म्हणजे बाकी सगळे माझेच!"

बाई हसल्या. कुलूपवालेही हसले. खरं सांगायचं तर घरात जे कधी जमलं नाही ते या वणवणीत जमलं होतं. घरी स्वतःचा शब्द खाली पडू न देणारा हा माणूस प्रवासात बायकोचं पांघरूण सारखं करायचा, आपल्यातली अर्धी भाकरी तिच्या पुढ्यात सरकवायचा. वेंधळी म्हणायचा, पण मायेनं.

त्यांनी खिशातून लेकीचा फोटो काढला. बाईंनी चष्मा लावून पाहिला. "हाताला काय झालं हिच्या?"

"जिन्यावरून पडली होती."

"हो, जिन्यावरून," बायको म्हणाली.

"सापडली की रागावू नका हो तिच्यावर. तरण्या पोरी हळव्या असतात."

"छे! एक शब्द बोलणार नाही. फक्त घरी न्यायची. खोली तश्शी ठेवलीय तिची. दाराचं कुलूप तेवढं नवं बसवलंय, माझ्या हातचं. सहा महिने खपलोय त्याच्यावर. माझ्याशिवाय कुणाच्या बापाला उघडणार नाही."

बोलता बोलता त्यांचा बांध फुटला. एवढा थोराड माणूस, पण तोंडावर हात घेऊन हमसाहमशी रडू लागला. "या खेपेला नाही सापडली तर मी संपलो. खरंच संपलो. आणखी एक वर्ष नाही निघणार माझ्याच्यानं."

बायको त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिचेही डोळे वाहत होते. चार वर्षं लेकीचं तोंड न पाहिलेली आई ती. तिचं रडणं खोटं कसं असेल? बाईंनी चहाचा कप पुढे केला, तोही तिला घेववेना.

"बसा तुम्ही. पाणी आणते," ती म्हणाली आणि उठली.

नळ डाव्या हाताला होता. ती उजवीकडे, चौकशीच्या खिडकीशी गेली. आतल्या कारकुनानं तिचा चेहरा बघितला आणि काही न विचारता टेबलावरचा फोन पुढे सरकवला. "आटपा हं, मावशी. साहेब येतील."

तिनं वळून पाहिलं. कुलूपवाले बाईंना फोटोवर बोट ठेवून काहीतरी दाखवत होते. तिनं नंबर फिरवला. कागद बघावा लागला नाही. पलीकडून आवाज आल्याबरोबर तिनं भिंतीकडे तोंड केलं.

"बाळा, मी बोलतेय. रडू नकोस, वेळ नाही. बाबांना पुलाजवळचं दुकान कळलंय. एकच्या बसपर्यंत मी त्यांना अडवलंय, तेवढ्यात गाव सोड. आणि या वेळी कुठे जातेस, ते मलाही सांगू नकोस."