वाटेतली धोंड

"एवढ्यात जमणार नाही," असं म्हणून ब्रेकसाहेबांनी तिचं काम पुन्हा परत पाठवलं.

हे नाव विभागाने त्यांना पाठीमागे ठेवलेलं. वयाने आणि हुद्द्याने ते सगळ्यांत मोठे, त्यांच्या होकाराशिवाय एकही प्रोग्रॅम पुढे सरकत नसे. बस आगारासाठी वेळापत्रक आपोआप आखणारी यंत्रणा तिने राबराबून उभी केली होती, आणि हे वाटेत धोंड होऊन बसले होते.

"आता काय राहिलं, सर?"

"खालचा जुना कोड. नुसती ठिगळं आहेत. आधी ती काढ."

"काढली. सुट्टीच्या दिवशी, घरी बसून. मुलगी तापाने फणफणली होती तेव्हा."

"मग चाचण्या वाढव." आणि आवाज खाली आणून, "बाहेर कुठे मुलाखती देतेस की नाही?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे हाकलायचंच आहे यांना!

लॅपटॉप उचलून ती थेट संचालकांच्या खोलीत शिरली. सगळं चालवून दाखवलं.

"हे तर झालेलं दिसतंय," संचालक खुर्चीत सरसावून बसले. "मग अडलंय कुठे?"

"एका माणसापाशी."

त्यांनी तिथल्या तिथे मंजुरी दिली.

ब्रेकसाहेबांनी तिला जिन्यात गाठलं. "थोडे दिवस थांब. माझं ऐक."

"वर्षभर तुमचंच ऐकलं! जुना कोड, जुना कोड! तुम्हाला जमलं नाही ते मी केलं, हेच खुपतंय ना?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला.

यंत्रणा सुरू झाली. एक गाडी चुकली नाही, एक फेरी अडली नाही. आठवड्याने संचालकांनी सगळ्या विभागाला बोलावलं. ती मान ताठ ठेवून पुढच्या खुर्चीवर बसली.

"उत्तम काम!" ते तिला म्हणाले. "आता कुणाला हातही लावावा लागत नाही. त्यामुळे महिनाअखेरीस हा विभाग आपण बंद करतोय."

"असं अचानक?" मागून कुणीतरी विचारलं.

"तसं हे वर्षापूर्वीच ठरलं होतं. काम पुरं व्हायचीच वाट होती. यांना सांगितलं होतं, बाहेर बोलायचं नाही," संचालकांनी ब्रेकसाहेबांकडे रागाने बघितलं, "आणि हे वर्षभर 'एवढ्यात जमणार नाही' सांगून मलाच बनवत राहिले."