अभिमतासाठी

संबोधीने लिहिलेली निनावी तक्रार भोपाळला जाऊन तिच्याच टेबलावर परत आली. वर शेरा होता : अभिमतासाठी.

म्हणजे ज्यांच्या कारभाराविरुद्ध तक्रार, त्यांनाच विचारायचं, बाबांनो, तुमचं काय म्हणणं आहे? आणि त्यांचं म्हणणं टाइप कोण करणार? संबोधीच. सरकारी पत्रव्यवहार असाच चालतो आणि चालवणाऱ्यांना त्याची लाज वाटत नाही.

तिने कागद लिफाफ्यातून पुरता बाहेर काढला. डाव्या कडेला दोन भोकं होती. तिनेच पाडलेली.

इंदूरच्या त्या सरकारी मंडळाच्या ऑफिसात प्रिंटरमधून कागद निघाला की हात आपोआप पंचिंग मशीनकडे जायचा. त्या दिवशी लंचमध्ये ऑफिस रिकामं होतं, ती घाईत होती, आणि हाताने आपलं रोजचं काम करून टाकलं होतं. त्यात त्या मशीनचं एक टोक बोथट. खालचं भोक पुरं पडायचं नाही, कागदाची चकती लोंबत राहायची. ऑफिसातल्या प्रत्येक फाइलीत अशा चकत्या होत्या. या कागदालाही होती.

तक्रार मानसबद्दल होती. मानस म्हणजे संबोधीचे साहेब, मंडळाचे अध्यक्ष गजाननराव, यांचा मेहुणा. उपाध्यक्ष म्हणून त्याला नेमावं अशी शिफारस गजाननरावांनी भोपाळला पाठवली होती. 'समाजसेवेची आवड' हे शब्द संबोधीनेच टाइप केले होते. त्याच आठवड्यात साहेब मानसची फाइल तिच्या टेबलावर उघडी विसरून गेले आणि तिने वाचलं : गोदामावरच्या चौकीदाराचा पाय त्याने सळईने मोडला होता. चौकीदाराने पुढे जबाब फिरवला. संबोधी महूच्या फौजी घरातली मुलगी. वाचून गप्प बसणं तिला जमलं नाही. नशीबही असं, की दुसऱ्याच दिवशी साहेबांनी तिला नथू ड्रायव्हरबरोबर मंडळाची मासिक पत्रिका वाटायला जवळच्या बेटमा गावी धाडलं. तक्रार तिथल्याच पोस्टात पडली. इंदूरचा शिक्का टळला.

आता मात्र काही टळणार नव्हतं. तिची नोकरी कंत्राटी होती, पण नोकरीची भीती दुसऱ्या नंबरला. पहिल्या नंबरला ती सळई होती.

नथूने दारातून मान आत घातली. "दीदी, सुलोचनाताई येऊन राहिल्या आहेत. मानसभिया पण आहेत. ताईंचं डोकं आज बहुत गरम आहे हां."

सुलोचनाताई, साहेबांच्या बायको, सरळ तिच्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसल्या. मानस दाराला टेकून गाडीची किल्ली बोटावर फिरवत राहिला.

"हीच का ती तक्रार?" ताईंनी कागद ओढून घेतला. "भोपाळच्या बाबूने या कागदाचा फोटो परवाच पाठवला होता यांना. मला आज सांगताहेत. सख्ख्या मेहुण्याची नेमणूक अडली, आणि हा माणूस दोन दिवस आरामात जेवतोय."

"बेटम्याचा शिक्का आहे," संबोधी म्हणाली.

मानस हसला. "बेटम्याचा माणूस 'उपरोक्त विषयांतर्गत' लिहील का? ऑफिसवाला आहे, ताई. साला रोज कागद काळे करणारा."

"किंवा साली," ताई म्हणाल्या आणि संबोधीकडे बघत राहिल्या.

मग त्यांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला. त्यांचं बोट कडेवरून खाली सरकलं आणि थांबलं.

"हे काय लटकतंय?"

ताईंनी नखाने चकती हलवून पाहिली.

"तुमचं पंचिंग मशीन आण गं जरा."

ती उठली. कपाटापर्यंत गेली, आणि बघते तर जुन्या मशीनच्या जागी लालभडक, नवंकोरं मशीन. ताईंनी त्यात कोरा कागद घालून दाबला. दोन्ही भोकं साफ.

"जुनी फाइल दाखवा ना, दीदी," मानस म्हणाला, आणि स्वतःच रॅककडे वळला.

"मानस."

गजाननराव केबिनच्या दारात उभे होते. "सरकारी फाइलींना हात नाही लावायचा. वर आधीच नाव खराब झालंय तुझं. आणि जुनं मशीन मीच काल कबाडीला दिलं, गंजलं होतं. सुलोचना, जासूसी पुरे झाली. घरी जा."

ताई पाय आपटत निघाल्या. मानस संबोधीच्या टेबलाशी जरा थांबला.

"दीदी, तुम्ही रोज महूहून येता ना? जपून. रस्ता बहुत खराब आहे."

गाडीचा आवाज दूर गेला. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं तेव्हा ती वही-पेन घेऊन गेली.

"अभिमत लिही," ते म्हणाले. "तक्रारीत तथ्य असण्याची शक्यता नाकारता येत नाही. सदर नावासाठी मंडळाचा आग्रह नाही. झालं. आजच पाठव."

संबोधीने मान वर केली. घरात एवढं वादळ, आणि हा माणूस स्वतःच्या मेहुण्याविरुद्ध लिहून देतोय. या खुर्च्यांमध्येही एखादा सरळ माणूस असतो तर. तिला खरं सांगून टाकावंसं वाटलं. ओठांपर्यंत आलंही.

साहेबांनी ड्रॉवरमधून दुसरी फाइल काढली.

"आता उपाध्यक्षपदासाठी कुणा मुकुलचं नाव आलंय. वरूनच दबाव आहे, मला नाही म्हणता येत नाही. शिफारस करावीच लागेल." त्यांनी फाइल उघडली, पानं उलटली, एका पानावर थांबले आणि ती तशीच तिच्याकडे फिरवून ठेवली. मग उठून कोट चढवला. "उद्या नथू पत्रिका घेऊन धारला चाललाय. तूही जा त्याच्याबरोबर."

दारापाशी पोचल्यावर ते वळले.

"आणि या वेळी कागदाला भोकं पाडू नकोस."