दहा किलोमीटर उंचीवर

वादळांच्या दिवसांत खंडभरातून दुपारी बाराला हवामानाचे फुगे सुटत आणि वर जाताजाता आकडे पाठवत. कुठे वीज कोसळेल, कुठे गारा पडतील, हे वेधशाळेत बसून ती त्यांवरून सांगायची. त्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

आठ किलोमीटर: उणे पस्तीस अंश.

नऊ किलोमीटर: अधिक अडतीस.

"फुग्याला ताप आलाय, ताई!" शेजारचा सहकारी हसला. "आकडा खोडा आणि इशारा सोडा. दोनच्या आत गावं रिकामी व्हायला हवीत."

मग त्याला आठवलं, आणि त्याने जीभ चावली.

गेल्या वर्षी अशाच दुपारी घरून फोन आला होता. लेकीचा ताप उतरत नव्हता. "एवढा इशारा देते आणि निघतेच," ती नवऱ्याला म्हणाली होती. इशाऱ्याने हजारो माणसं वाचली. ती पोहोचेपर्यंत लेक गेली होती.

दहा किलोमीटर: एकोणचाळीस.

शेजारच्या रकान्यात दमटपणा वर-खाली होत होता, झोपलेल्या लेकराचा श्वास चालावा तसा.

खोडायला उचललेलं बोट खाली जाईना.

"ताई, लोक खोळंबलेत!"

"थांब रे. जरा उतरू दे, मग खोडते."

अकरा किलोमीटर: चाळीस.

बारा किलोमीटरवर दमटपणा एकदम शंभर झाला. कपाळावर ओली घडी ठेवावी तसं तापमान हळूहळू उतरू लागलं.

तिथे वर, तिच्या लेकीजवळ कुणीतरी बसलं होतं.